हिज्कीयाचं अंजीर आणि तुझी गोळी

"मावशी, सलाम. वय ४३, श्रीरामपूरजवळ राहते. ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट संपून आठ महिने झाले, आता रोज टॅमॉक्सिफेनची गोळी. चर्चच्या मंडळीत सगळे म्हणतात देवाने तुला खास कामासाठी राखलंय, पाळकसाहेब म्हणतात रविवारी साक्ष दे, देवाने काय केलं ते सगळ्यांसमोर सांग. मला काम-बिम काही सापडत नाही, नुसता थकवा. केमोला शेजारच्या खुर्चीवर असायची ती गेली, तिची मुलगी दहावीला आहे. लिंबाच्या फोडी आणायची तो तिचा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. मग मलाच का ठेवलं? प्रार्थना सभेत एकजण म्हणाली गोळी चालू ठेवणं म्हणजे विश्वास कमी."

सलाम गं बाळा. आधी शेवटचं, कारण ते वाचून माझं डोकंच फिरलं. गोळी बंद करायची नाही. कॅन्सर परत येऊ नये म्हणून ती पाच वर्षं, काहींना दहा वर्षंही देतात आणि ते तुझे डॉक्टर ठरवतील, प्रार्थना सभा नाही. त्या बाईंना बायबलमधला यशया ३८ वाचायला दे. हिज्कीया राजा मरायला टेकलेला, भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने १५ वर्षं वाढवून दिली, आणि तरी यशया संदेष्टा म्हणतोच की गळवावर अंजिरांचा लेप लावा. तुझी गोळी म्हणजे ते अंजीर समज.

आणि पुढे त्या राजाने काय केलं, तर बाबेलहून (बॅबिलोनहून) माणसं आली त्यांना खजिना दाखवत बसला आणि यशयाची बोलणी खाल्ली. वर्षं मिळाली होती, सोबत कामांची यादी नव्हती आली.

हे "खास काम" मला कधी नीट कळलंच नाही बघ. याईर नावाच्या माणसाची मेलेली १२ वर्षांची पोर उठली तर येशू म्हणाला हिला काहीतरी खायला द्या, बास. येशूचा शिष्य पेत्र, त्याच्या सासूचा ताप उतरला तर ती उठून पाहुण्यांचं बघायला लागली (यावर सेवेचे मोठमोठे संदेश ऐकलेत मी, मला वाटतं घरात माणसं आली होती म्हणून उठली बिचारी). गरसेकरांच्या प्रदेशातला तो भूतग्रस्त तर बरा झाल्यावर सोबत येतो म्हणून येशूच्या मागे लागला, त्यालाही येशूने सांगितलं, घरी जा, आपल्या माणसांत.

केमोनंतरचा थकवा महिनोनमहिने राहतो, तो काही अविश्वास नाही. पण रोज रडू येत असेल, झोप-जेवण गेलं असेल तर पुढच्या फॉलोअपची वाट न बघता डॉक्टरांना सांग.

तूच का, ती का नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि जो देतो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. शिलोहाचा बुरूज पडून १८ जण मेले तेव्हा येशूनेच विचारलं, ते काय इतरांपेक्षा जास्त पापी होते? नाही म्हणाला. म्हणून साक्षीत "देवाने मला निवडलं" एवढं मात्र म्हणू नकोस, ती दहावीतली पोर मागच्या बाकावर बसलीये असं समजून बोल. जमत नसेल तर पाळकसाहेबांना सरळ सांग, या रविवारी नाही, ते समजून घेतील, नाही घेतलं तरी चालेल.

तो डबा मात्र नेऊन दे. आधी पोरीला फोन कर, क्लास कधी सुटतो विचार, आणि काय आवडतं तेही विचार, रिकामा डबा परत देत नाहीत.