हाडाने धरायचं, घासत राहायचं की नंतर बाहेर निघायचं? इम्प्लांटच्या पृष्ठभागाबद्दल

तुम्ही ग्रेड २३ टायटॅनियम (इम्प्लांटसाठीचा टायटॅनियम मिश्रधातू) आणि ३१६एल स्टेनलेस स्टीलच्या फ्रॅक्चर प्लेट आणि स्क्रू मशीन करता, पुढेमागे खुब्याच्या सांध्याचा स्टेमही (मांडीच्या हाडात बसणारा दांडा) करायचा विचार आहे. पॅसिव्हेशन, ॲनोडायझिंग (विजेच्या मदतीने ऑक्साइडचा थर वाढवणं), ब्लास्टिंग (कठीण दाण्यांचा मारा) आणि हायड्रॉक्सीॲपेटाइट कोटिंग यांतली सगळ्यात चांगली प्रक्रिया निवडून तीच सगळ्या भागांना लावता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

नाही लावता येणार. धातू कोणता हे नंतर बघा. तो पृष्ठभाग शरीरात काय काम करणार आहे हे आधी कागदावर लिहा. हाडाने त्याला कायमचं धरून ठेवायचं आहे, की त्याने दुसऱ्या पृष्ठभागावर वर्षानुवर्षं घासत राहायचं आहे, की हाड जुळलं की त्याला काढून घ्यायचं आहे? या तीन कामांना लागणारे पृष्ठभाग एकमेकांच्या विरुद्ध आहेत. एकाच स्टेमवरही हाडात बसणाऱ्या वरच्या भागाचं काम वेगळं आणि सांध्याच्या गोळ्याला जोडणाऱ्या मानेचं वेगळं असतं. मी या कामात बरीच वर्षं आहे. माझ्या पाहण्यात चुकीची निवड बहुतेक वेळा इथेच झाली: काम ठरायच्या आधी प्रक्रिया ठरली.

स्टीलपासून सुरुवात करू. ३१६एलला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा थर, जाडीला जेमतेम काही नॅनोमीटर. मशीनिंग करताना कटरमधलं, फिक्स्चरमधलं लोखंड पृष्ठभागावर घासलं जातं आणि तिथे हा थर नीट बसत नाही. शरीरातला क्लोराइड नेमका तिथूनच आत शिरतो. पॅसिव्हेशनमध्ये नायट्रिक आम्ल (साधारण २० ते ४५ टक्के) किंवा सायट्रिक आम्ल (४ ते १० टक्के) हे सुटं लोखंड विरघळवून काढतं आणि क्रोमियमला मोकळी जागा मिळते. त्याने पृष्ठभागावर नवीन काहीच चढत नाही. तेलाचा थर असेल तर आम्ल खाली पोहोचतच नाही, म्हणून डीग्रीझिंग (तेल धुऊन काढणं) आधी हवंच.

इलेक्ट्रोपॉलिशिंग त्यापुढचं पाऊल आहे. प्लेटला ॲनोड करून फॉस्फरिक आणि सल्फ्युरिक आम्लाच्या बाथमध्ये धरलं की उंचवटे खळग्यांपेक्षा लवकर विरघळतात. मशीनिंगचे बारीक ओरखडे जातात, म्हणजे फटीगची (पुन्हापुन्हा ताण पडून धातू थकण्याची) भेग जिथून सुरू होऊ शकली असती त्या जागाही कमी होतात. स्टीलच्या प्लेटसाठी मला ही प्रक्रिया मनापासून आवडते. मात्र ती काही मायक्रॉनपासून वीस-पंचवीस मायक्रॉनपर्यंत धातू खाते, आणि कोपऱ्यांवर, आट्यांच्या टोकांवर जास्त खाते. स्क्रूच्या ड्रॉइंगमध्ये ही सूट पहिल्यापासून धरा.

टायटॅनियमची गोष्ट वेगळी आहे. हवा लागताक्षणी त्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर आपोआप बनतो आणि ओरखडा पडला तर पुन्हा बनतो. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रॉनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे चेंबर (निरीक्षणासाठीच्या छोट्या नळ्या) बाहेर काढता येईनात, कारण हाड त्यांना घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे दंत-इम्प्लांट बसवले. हाड टायटॅनियमला धरतं ही आज सांध्यासाठी मोठी सोय आहे. तुमच्या प्लेटसाठी मात्र हीच अडचण ठरते.

प्लेट खडबडीत ठेवली तर हाड तिच्यावर आणि स्क्रूच्या आट्यांत घट्ट बसतं. काढायच्या वेळी स्क्रूचं डोकं फिरून जातं, कधी स्क्रू तुटतो, आणि सर्जनला हाड कोरावं लागतं. लहान मुलांच्या बाबतीत, जिथे प्लेट काढण्याची वेळ जास्त येते, तिथे हा त्रास टाळण्यासारखा आहे. ‘खडबडीत म्हणजे शरीराला जास्त मानवणारं’ असं ऐकून कुणी तुम्हाला प्लेट ब्लास्ट करून द्यायला सांगत असेल तर प्लेट पुढे काढायची आहे का, एवढंच त्यांना विचारा. काढायची असेल तर गुळगुळीत ठेवा.

ॲनोडायझिंगबद्दल दोन गोष्टी नेहमी एकत्र कालवल्या जातात. रंगीत ॲनोडायझिंगमध्ये कोणताही रंग घातलेला नसतो. व्होल्टेज वाढवलं की ऑक्साइडचा थर जाड होतो आणि थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या प्रकाशाच्या मेळातून रंग दिसतो. पंधराएक व्होल्टला तपकिरी-सोनेरी, तिशीच्या आसपास निळा, त्याच्या पुढे पिवळा, गुलाबी आणि शेवटी हिरवा. बाथ आणि मिश्रधातू बदलला की हे आकडे थोडे सरकतात. स्क्रूचे आकार ओळखायला याचा ऑपरेशन थिएटरमध्ये मोठा उपयोग आहे, झीज रोखायला फारसा नाही. दुसरं करड्या रंगाचं, टाइप दोन म्हणून ओळखलं जाणारं ॲनोडायझिंग. टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात. लॉकिंग स्क्रू (ज्याचं डोकंही प्लेटमधल्या आट्यांत बसतं) प्लेटमध्ये अडकून बसतो तो यामुळेच. टाइप दोन हे चिकटणं कमी करतं. लॉकिंग प्लेट करणार असाल तर रंगापेक्षा याला महत्त्व द्या.

आता स्टेम. इथे हाडाने धरायला हवं, म्हणून खडबडीतपणा हवा. ॲल्युमिनाच्या दाण्यांनी ब्लास्ट केलेल्या स्टेमवर Ra (खडबडीतपणाचं सरासरी माप) साधारण ३ ते ५ मायक्रॉन मिळतो. दंत-इम्प्लांटमध्ये जाड दाण्याने (२५० ते ५०० मायक्रॉन) ब्लास्ट करून मग गरम आम्लात एच करण्याची (आम्लाने पृष्ठभाग खाऊ देण्याची) पद्धत रुळली आहे. हाड आत वाढायला हवं असेल तर १०० ते ४०० मायक्रॉनची छिद्रं असलेला, बारीक मणी जोडून केलेला सच्छिद्र थर लागतो. या सगळ्याची किंमत मूळ धातू मोजतो. टायटॅनियम मिश्रधातू खाचेबाबत फार हळवा आहे, आणि सच्छिद्र थरातला प्रत्येक मणी जिथे स्टेमला जोडलेला असतो तिथे एक खाच तयार होते. वर सिंटरिंगचं (मणी तापवून जोडण्याचं) तापमान बीटा ट्रान्सस (ज्याच्या वर मिश्रधातूची स्फटिकरचनाच बदलते ते तापमान, सुमारे ९८० ते ९९५ अंश सेल्सिअस) ओलांडून जातं, त्यामुळे बारीक दाण्यांची मूळ रचना बदलून पट्टेदार होते आणि फटीगची ताकद आणखी खाली येते. म्हणून असा थर जिथे वाकण्याचा ताण सर्वांत जास्त आहे तिथे टाळतात, आणि मान तर गुळगुळीतच ठेवतात.

हायड्रॉक्सीॲपेटाइटचं कोटिंग ऐकायला सोपं वाटतं: हाडातलंच खनिज धातूवर चढवायचं. प्रत्यक्षात ते प्लाझ्मा स्प्रेने चढतं, आणि त्या ज्वाळेचं तापमान दहा हजार अंशांच्या वर जातं. भुकटीचा काही भाग वाटेतच विघटित होतो. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, कॅल्शियम ऑक्साइड आणि काचेसारखा अस्फटिक भाग तयार होतो, आणि हे सगळं शरीरात लवकर विरघळतं. थोडं विरघळणं हाड यायला मदतच करतं, पण जास्त झालं तर थर जागेवरून सुटतो. जाड थर द्यावा तर त्यात तडे जातात. म्हणून ५० ते ७५ मायक्रॉन ही बऱ्याच स्टेमवर दिसणारी तडजोड आहे. स्फटिकता, कॅल्शियम-फॉस्फरस गुणोत्तर (१.६७ च्या आसपास) आणि चिकटण्याची ताकद ही तिन्ही मोजमापं पुरवठादार प्रत्येक बॅचला देत नसेल तर त्याच्याकडे जाऊ नका. स्वतःच्या शेडमध्ये तर हे सुरूच करू नका.

घासणाऱ्या पृष्ठभागांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या कामात ते अजून आलेलं नाही. उघड्या टायटॅनियमचा हेड (सांध्याचा गोळा) लवकर झिजतो आणि आजूबाजूच्या उती काळ्या पडतात. त्यावर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर देतात, तो कठीण आहे पण काही मायक्रॉनचाच. कठीण थर सुटला की त्याचेच तुकडे सांध्यात वाळूचं काम करतात. १९९० च्या दशकात हिऱ्यासारख्या कार्बनचा (डीएलसी) थर दिलेले टायटॅनियमचे हेड रुग्णांना बसवले गेले. सुरुवातीची काही वर्षं ते ठीक चालले, पुढे थर सुटू लागला आणि त्यांतले बरेच बदलावे लागले. याच्या उलट झिर्कोनियम-नायोबियम मिश्रधातू हवेत तापवला की धातूतूनच सुमारे पाच मायक्रॉनचा ऑक्साइड उगवतो. तो वरून चिकटवलेला नसल्यामुळे जास्त टिकतो. खालचा धातू मऊ आहे, एवढं मात्र लक्षात ठेवावं लागतं.

जंतुरोधक थराबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये मांडलेली कल्पना इथे उपयोगी पडते: इम्प्लांटच्या पृष्ठभागासाठी शरीराच्या पेशी आणि जंतू यांच्यात शर्यत असते. गाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या प्रोस्थेसिसवर चांदीचा थर वापरतात. साध्या प्लेटला त्याची गरज मला वाटत नाही.

ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं ते आता. डिसेंबर २००० मध्ये सुल्झर ऑर्थोपेडिक्सला खुब्याच्या सांध्याचे इंटर-ऑप कप (कमरेच्या हाडात बसणारी वाटी) परत बोलवावे लागले. उत्पादनातलं तेल पृष्ठभागावर राहून गेलं होतं, हाडाने कप धरला नाही आणि हजारो रुग्णांवर दुसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ आली. धातू बरोबर होता, कोटिंग बरोबर होतं. सच्छिद्र थर आणि आंधळी (आरपार न जाणारी) छिद्रं तेल धरून ठेवतात. आयएसओ १९२२७ हे ऑर्थोपेडिक इम्प्लांटच्या सफाईचंच मानक आहे. कोटिंगवाल्याशी बोलायच्या आधी ते वाचा आणि धुण्याची प्रक्रिया व्हॅलिडेट करा, म्हणजे ती दर वेळी खरंच साफ करते हे चाचणीने सिद्ध करा.

टायटॅनियम हायड्रोफ्लोरिक आम्लात एच करणार असाल तर हायड्रोजन धातूत शिरून त्याला ठिसूळ करतो. नायट्रिक भरपूर ठेवा, हायड्रोफ्लोरिकच्या साधारण दहापट. ग्रेड २३ मध्ये हायड्रोजनची मर्यादा ०.०१२ टक्के आहे. ती एचिंगनंतरच्या तुकड्यावर तपासा, कच्च्या बारच्या सर्टिफिकेटवर विसंबू नका. फटीगची चाचणीही सगळ्या प्रक्रिया झालेल्या भागावरच घ्या.

तुमच्या जागी मी ३१६एल प्लेटला इलेक्ट्रोपॉलिश आणि त्यावर पॅसिव्हेशन करीन, टायटॅनियमच्या लॉकिंग प्लेटला टाइप दोन, आणि आकार ओळखायला लागतात त्याच स्क्रूंना रंग देईन. स्टेमचं कोटिंग बाहेरून करून घेईन. आणि स्टीलसाठी वापरलेलं ब्लास्टिंग मीडिया टायटॅनियमवर कधीही वापरू नका. त्यातलं लोखंड टायटॅनियममध्ये रुतून बसतं. दोन्हींसाठी वेगळ्या कॅबिनेट ठेवा, एकच असेल तर आधी दुसरी घ्या.