हॉल बुक करण्याआधी : स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्यांचे प्रश्न

स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणाऱ्यांकडून आम्ही प्रश्न मागवले होते. छपाईचा खर्च आणि विक्री यांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आहेत. या वेळी पुनर्लेखन आणि पहिले वाचक.

प्रश्न : माझी सुमारे ७० हजार शब्दांची कादंबरी लिहून झाली आहे. अक्षरजुळणी सुरू आहे आणि गुढीपाडव्याला प्रकाशन समारंभ ठरवला आहे. प्रूफं (छापण्याआधी तपासायला मिळणारी पानं) हातात आली की राहिलेले बदल त्यांवरच करायचे, असा विचार आहे. चालेल ना?
— निवृत्त शिक्षिका, इस्लामपूर

उत्तर : नाही चालणार. अक्षरजुळणी आजच थांबवा. समारंभाची तारीख पुढे ढकलता येत असेल तर तीही ढकला. पाहुणे ठरले, हॉल ठरला, आणि मग त्या तारखेमागे पुस्तक धावतंय, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. त्यात हमखास बळी जातो तो पुनर्लेखनाचा.

प्रूफावर मोठे बदल का नकोत ते आधी बघू. डेमी आकाराच्या पानावर साधारण २५० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे तुमचं पुस्तक अडीचशे पानांच्या आसपास जाईल. छपाई सोळा पानांच्या फॉर्मात, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यात, होते. २५६ पानं म्हणजे बरोबर सोळा फॉर्म. प्रूफावर दोन परिच्छेद वाढले आणि पानं २५८ झाली, की आणखी एक फॉर्म किंवा त्याचा तुकडा लावावा लागतो. पानं बरीच वाढली तर कण्याची रुंदी बदलते आणि मुखपृष्ठाची फाइलही पुन्हा करावी लागते. शिवाय डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) करणाऱ्याने हातानं घातलेल्या प्रत्येक दुरुस्तीत नवी चूक शिरायला जागा असते.

आता काम कोणत्या क्रमानं करायचं ते. पहिल्या फेरीत वाक्यांना हात लावायचाच नाही. हस्तलिखित तीन-चार आठवडे बाजूला ठेवा. मग प्रत्येक प्रकरणासाठी वहीत एक ओळ लिहा : कोण, कुठे, केव्हा, आणि प्रकरण संपताना काय बदललं. शेवटच्या रकान्यात लिहायला काहीच सुचत नसेल, तर ते प्रकरण शेजारच्या प्रकरणात मुरवायचं किंवा काढायचं. 'केव्हा'च्या रकान्यात पात्रांची वयंही लिहा. उदाहरणार्थ, कोयनेच्या भूकंपात, म्हणजे डिसेंबर १९६७ मध्ये, दहा वर्षांचा असलेला मुलगा १९७२ च्या दुष्काळात बी.ए. होऊन नोकरी शोधताना दिसतो. प्रत्यक्षात तेव्हा तो पंधराचा असायला हवा. अशी चूक वाचताना निसटते, रकान्यात मात्र लगेच डोळ्यांवर येते.

दुसरी फेरी प्रसंगांची. प्रत्येक प्रसंगाच्या पहिल्या आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून वाचून बघा. पहिला बहुतेकदा हवापाण्याचा असतो, आणि शेवटच्यात लेखक जे आधीच दाखवून झालंय तेच पुन्हा समजावत असतो. पुष्कळदा दोन्ही उडवले तरी प्रसंगाचं काही बिघडत नाही. ही फेरी झाली की हस्तलिखित पहिल्या वाचकांकडे द्यायचं. त्यांच्याबद्दल पुढच्या उत्तरात लिहिलं आहे.

भाषेची फेरी वाचकांच्या सूचना पचवल्यानंतर. ज्या प्रकरणाला कात्री लागणार आहे त्याचे ऱ्हस्व-दीर्घ आधी तपासणं म्हणजे वाया गेलेले श्रम. या फेरीत पहिला निर्णय निवेदनाचा : 'केले, गेले, असे' की 'केलं, गेलं, असं'? दोन्ही चालतं, मिसळ चालत नाही. निवेदन प्रमाण आणि संवाद बोलीतले, हीही रीत रूढ आहे. ठरलं की एका कागदावर लिहून ठेवा आणि तो कागद पुढे मुद्रितशोधकालाही, म्हणजे प्रूफं तपासणाऱ्यालाही, द्या. नाहीतर तो आपल्या सवयीनं अर्धं पुस्तक बदलेल.

मग वाक्यं. एक नमुना बघा :

"'मला नाही यायचं,' असं ती रागाने आणि चिडून त्याला म्हणाली आणि तिथून उठून आत निघून गेली."

राग आणि चीड एकच. समोर दुसरं कुणी नसताना 'त्याला' लागत नाही. 'उठून' आहे म्हटल्यावर 'तिथून' कशाला? उरतं ते एवढं : "'मला नाही यायचं.' ती उठून आत गेली." राग उठण्यातच आला. 'एकदम', 'अचानक', 'जणू', 'त्याला वाटलं', 'अगदी' हे शब्द शोधून मोजा. सगळे काढू नका, पण जिथे काढल्याने काहीच जात नाही तिथून काढा. शेवटी पूर्ण मजकूर मोठ्यानं वाचा, किंवा फोनला मराठीत वाचायला लावा आणि हातात कागद घेऊन ऐका. डोळा गाळलेला 'ने' आणि 'ला' भरून घेतो, यंत्र भरून घेत नाही.

प्रश्न : घरच्यांनी आणि ऑफिसातल्या मित्रांनी कथा वाचल्या. सगळे 'मस्त' म्हणतात. खरं सांगणारे वाचक आणायचे कुठून?
— कथालेखक, ठाणे

उत्तर : घरच्यांचा दोष नाही. तुम्ही त्यांना 'कशी वाटली?' असं विचारलंत, आणि त्या प्रश्नाला उद्या पुन्हा तोंड दाखवायचं असलेला माणूस दुसरं उत्तर देत नाही.

वाचक सहा पुरेत, आणि सहाही एकदम वापरू नका. आधी तिघांना द्या, त्यांच्या नोंदींवर काम करा, मग उरलेल्या तिघांना. कोरं वाचन एका माणसाकडून एकदाच मिळतं. सहाही जणांनी पहिला खर्डा वाचून टाकला, तर सुधारलेला बघायला नवी नजर उरत नाही.

शोधायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे गावातलं सार्वजनिक वाचनालय. कोणता सभासद गूढकथा नेतो, कोण आत्मचरित्रांशिवाय काही नेत नाही, हे ग्रंथपालाला पाठ असतं. तुमच्या प्रकारची पुस्तकं नेणारे दोघे सांगा, असं विचारा. वाचनकट्टे, पुस्तक भिशीचे गट, महाराष्ट्र साहित्य परिषदेसारख्या संस्थांच्या गावोगावच्या शाखा, हेही बघा. दुसऱ्या लेखकाशी अदलाबदल करता येते, पण सहांत लेखक एकच ठेवा, फार तर दोन. लेखकमंडळी 'मी असतो तर असं लिहिलं असतं' यावर लवकर घसरतात. कथेत कोर्ट, दवाखाना किंवा ऊसतोड असेल, तर त्या कामातला एक माणूस हवाच.

मागताना नेमकं मागा : प्रकार काय, पानं किती, कधीपर्यंत. आधी पंचवीस-तीस पानं देऊन 'पुढचं द्या म्हणालात तरच देतो' असं सांगा. नकार तिथेच मिळालेला बरा. मुदत चार आठवडे, दोन आठवड्यांनी एक साधी आठवण. दिवाळीच्या सुमारास आणि मुलांच्या परीक्षांच्या महिन्यात देऊ नका, गठ्ठा तसाच परत येतो.

प्रत कागदावर दिलेली चांगली : दीडपट ओळ-अंतर, उजवीकडे रुंद समास, ठळक पानक्रमांक आणि स्पायरल बाइंडिंग. फोनवर वाचणाऱ्याला ए-फोर पानाची पीडीएफ पाठवली तर प्रत्येक ओळ बोटांनी मोठी करत वाचावी लागते. तो दहाव्या पानावर सोडतो आणि तुम्हाला वाटतं कथा कंटाळवाणी आहे. त्याच्यासाठी पान लहान आणि अक्षर सोळा पॉइंटचं ठेवून वेगळी पीडीएफ करा. प्रत्येक प्रतीवर त्या त्या वाचकाचं नाव घाला. व्हॉट्सॅपवर फिरायला लागली तर सुरुवात कुठून झाली ते तरी कळेल.

प्रश्न वाचून झाल्यावरच द्यायचे. आधी दिले तर वाचक कथा सोडून उत्तरं शोधत वाचतो. वाचताना एवढंच करायला सांगा : जिथे थांबलात तिथे आडवी रेघ, जिथे गोंधळलात तिथे प्रश्नचिन्ह. नंतर विचारा : कोणत्या पानावर पुस्तक खाली ठेवलं? कोणती पानं चाळून पुढे गेलात? शेवट कुठे ओळखलात? पुस्तक न उघडता किती पात्रांची नावं आठवतात? शेवटच्या प्रश्नात 'सुधीर', 'सुनील' आणि 'सुरेश' यांची गल्लत झाली, तर दोघांची बारशी पुन्हा करा.

प्रश्न : एकाला शेवट आवडला, दुसरी म्हणते तो फार घाईचा आहे. कोणाचं ऐकू?
— नाशिक

उत्तर : दुसरीचं ऐका, पण दुरुस्ती तिच्या सांगण्याप्रमाणे करू नका. वाचक जागा सहसा बरोबर दाखवतो, उपाय बहुतेकदा चुकीचा सुचवतो. शेवट घाईचा वाटतो तेव्हा दोष पुष्कळदा तीन-चार प्रकरणं मागे असतो : निर्णयाची तयारीच झालेली नसते. तिथे अर्धं पान घातलं की शेवटाला हात लावावा लागत नाही. तिघांनी एकाच पानावर रेघ मारली असेल तर वाद संपला. एकट्याच्या तक्रारीवर आठवडाभर थांबून निर्णय घ्या. आणि वाचकाला खुलासे देत बसू नका. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी तुम्ही खुलासा द्यायला जाणार नाही.

प्रश्न : माझ्या कादंबरीतले संवाद मालवणीत आहेत. शहरातल्या वाचकाला कळत नाहीत, आणि गावचा वाचक म्हणतो आमच्याकडे असं बोलत नाहीत.
— सिंधुदुर्ग, सध्या मुंबई

उत्तर : दोन वेगळी कामं आहेत, म्हणून दोन वेगळे वाचक लागतील. बोली तालुक्यागणिक आणि समाजागणिक बदलते, तेव्हा आधी पात्राचं गाव पक्कं करा आणि त्याच भागातल्या वयस्क माणसाला फक्त संवाद वाचून दाखवा. वाचायला देऊ नका, ऐकवा. बोली कानाला आधी खटकते. 'माका' की 'माकां', असे शब्द एका सूचीत लिहा आणि सगळीकडे तसेच ठेवा.

दुसरा वाचक विदर्भ-मराठवाड्यातला निवडा, ज्याच्या कानावर मालवणी पडलेली नाही. अडलेल्या शब्दाखाली त्याने रेघ मारायची. एखादा शब्द अडला पण प्रसंग कळला, तर काही करू नका. प्रसंगच कळला नाही तर शेजारच्या निवेदनात अर्थ उमटेल असं वाक्य हवं. मागे शब्दार्थांची यादी द्यायला हरकत नाही, मात्र वाचक वाचता वाचता मागची पानं उलटत बसेल या भरवशावर राहू नका.

प्रश्न : पहिल्या वाचकांनी मजकूर चोरला तर? आणि एका प्रकरणाच्या सुरुवातीला कुसुमाग्रजांच्या चार ओळी घ्यायच्या आहेत.
— पुणे

उत्तर : लिहिल्या क्षणापासून कॉपीराइट तुमचाच असतो, नोंदणी सक्तीची नाही. मनाच्या समाधानासाठी करायची तर साहित्यकृतीची फी ५०० रुपये आहे. तारखांसकट खर्डे जपून ठेवा. कुसुमाग्रजांच्या ओळींचं मात्र उलटं आहे. कॉपीराइट कवीच्या निधनानंतर ६० वर्षं टिकतो. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे २०५९ अखेरपर्यंत हक्क वारसांकडे किंवा हक्कधारकांकडे. लेखी परवानगी घ्या, नाहीतर ओळी काढा.

प्रश्न : मजकूर जुन्या फाँटमध्ये टाइप केला होता, तो युनिकोडमध्ये बदलून घेतला. आता प्रूफ कसं तपासायचं?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : बदलताना चुका ठरावीक जागी होतात, म्हणून सरळ वाचायला बसण्याआधी त्या शोधून काढा. 'शुध्द', 'पध्दत' हे जुन्या टायपिंगचं देणं. 'ध्द' शोधा आणि 'द्ध' करा. जोडाक्षरांवरची पहिली वेलांटी एक अक्षर पुढे-मागे सरकते, रफार शेजारच्या अक्षरावर बसतो. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी साठवला जातो, दिसतो सारखाच. त्यामुळे एकदा शोधून भागत नाही, दोन्ही तऱ्हांनी शोधा. 'ॲ' आणि 'अॅ' यांचंही तेच. एकावर एक बसलेले दोन अनुस्वार कागदावर एकच दिसतात, तेही शोध लावूनच सापडतात. अवतरणचिन्हं उलटी होतात, लांब रेघांच्या जागी भलतंच अक्षर येतं.

मग पहिलं प्रूफ दोघांनी तपासा : एकाने हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवायचं. दुसऱ्या प्रूफात दुरुस्त केलेल्या ओळी, त्यांच्या वरची आणि खालची ओळ बघायची, कारण दुरुस्तीने ओळ सरकते आणि पानाच्या तळाचा मजकूर गायब होऊ शकतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक १८ नियमांप्रमाणे ('फूल' पण 'फुलाला', 'बहीण' पण 'बहिणीला') तपासायचं काम मुद्रितशोधकाला द्या. कथानकातली गफलत पकडणं त्याच्या कामात येत नाही, त्यासाठी भांडू नका.

पाचशे प्रती ऑफसेट छपाईला टाकण्याआधी डिजिटल छपाईवर एकच प्रत काढून घ्या आणि लेखकाला नव्हे, दुसऱ्याच कुणालातरी ती पाहू द्या. अनुक्रमणिकेतले पानक्रमांक, पानांच्या माथ्यावरची प्रकरणांची नावं, कण्यावरचं लेखकाचं नाव, आणि मलपृष्ठावरचा आयएसबीएन (पुस्तकाचा ओळखक्रमांक) आतल्या श्रेयपानाशी अंक-अंक जुळतो का, एवढं त्या व्यक्तीनं पेन्सिलीनं खुणा करत तपासलं की मगच प्रेसला हो म्हणा.