'अर्थ' की 'प्रतिशब्द'? द्विभाषिक कोशासंबंधी एका प्रश्नाचे उत्तर

जर्मन शिकू लागलेल्या एका जिज्ञासूने असे विचारले आहे : "'मी या माणसाला ओळखतो' हे वाक्य मी इंग्रजी-जर्मन कोश पाहून 'इश वाइस डीझन मान' असे लिहिले आणि ते चूक ठरले. कोशात तर 'टु नो' या इंग्रजी क्रियापदापुढे पहिलाच शब्द 'विसन' असा दिला आहे, आणि 'वाइस' हे त्याचेच प्रथमपुरुषी रूप आहे. मग चुकले कुठे? शिवाय, कोशात शब्दापुढे जे दिलेले असते त्याला अर्थ म्हणावे की प्रतिशब्द?"

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. द्विभाषिक कोशात शब्दापुढे येतो तो प्रतिशब्द. एकभाषिक कोश शब्दाची फोड करून सांगतो, त्या विवरणाला अर्थ म्हणणे योग्य. द्विभाषिक कोश मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या भाषेतला असा एखादा शब्द पुढे करतो, की जो काही वाक्यांत मूळ शब्दाच्या जागी बसू शकतो. 'प्रतिनिधी' या शब्दातला 'प्रति' येथेही तेच काम करतो. प्रतिनिधी ठरलेल्या कामापुरता मूळ व्यक्तीच्या जागी बसतो आणि त्या कामाबाहेर त्याची सही चालत नाही. 'पर्याय' हा शब्दही या ठिकाणी सर्रास वापरला जातो, पण तो एकाच भाषेतल्या समानार्थी शब्दांसाठी राखून ठेवावा, असे माझे मत आहे. 'याचा अर्थ काय?' असे आपण बोलताना विचारतो, त्याने काही बिघडत नाही. पहिला प्रतिशब्द हाच संपूर्ण अर्थ असे धरून वाक्य लिहायला घेतले, की बिघडते.

आता 'टु नो'कडे वळू. या एका इंग्रजी क्रियापदाच्या जागी जर्मनमध्ये निदान तीन क्रियापदे येतात. एखादी गोष्ट ठाऊक असणे म्हणजे 'विसन', व्यक्तीची किंवा स्थळाची ओळख, परिचय असणे म्हणजे 'केनन', आणि एखादी भाषा येणे हे 'क्योनन' या क्रियापदाने सांगतात. 'मला जर्मन येते' याचे जर्मन 'इश कान डॉइच' असे होते. म्हणून प्रश्नातले वाक्य 'इश केनं डीझन मान' असे हवे होते. गंमत अशी, की हे तिन्ही भेद मराठीत आधीपासूनच आहेत. त्याचा पत्ता मला माहीत आहे, त्याला मी ओळखतो, आणि त्याला जर्मन येते : या तीन वाक्यांत आपण तीन वेगळी क्रियापदे वापरतो आणि त्यांची गल्लत कधी करत नाही. प्रश्नकर्त्याच्या मनातल्या मूळ वाक्यात 'ओळखतो' हा नेमका शब्द होताच. इंग्रजीच्या वाटेने जाताना तो 'टु नो'मध्ये विरघळला, आणि पलीकडच्या काठावर हाती 'विसन' लागला. इंग्रजीमार्फत तिसरी भाषा शिकणाऱ्या मराठी माणसाचे हे नुकसान नेहमीच होते. 'तू' आणि 'तुम्ही' यांच्यातले अंतर जर्मनमधल्या 'डू' आणि 'झी' यांच्यातही आहे. इंग्रजी 'यू' मध्ये आणले, की तेही पुसले जाते.

याचा अर्थ मराठी आणि जर्मन यांची घडी सगळीकडे जुळते, असा मात्र घेऊ नये. 'बर्लिन माझ्या परिचयाचे आहे' या अर्थाने जर्मन माणूस 'केनन' वापरेल, पण मराठीत 'मी बर्लिन ओळखतो' असे कोणी म्हणत नाही. तेथे आपण 'मला बर्लिन माहीत आहे' असेच म्हणू. उलट, 'मी त्याला आवाजावरून ओळखले' या वाक्यातल्या 'ओळखणे'साठी 'केनन' चालणार नाही, त्यासाठी 'एरकेनन' हे वेगळे क्रियापद आहे. म्हणजे आपल्या 'ओळखणे'चेही तेथे दोन तुकडे पडतात. दोन भाषांतल्या शब्दांच्या हद्दी शेजारच्या दोन शेतांच्या बांधांसारख्या एकमेकींना लागून जात नाहीत. त्या एकमेकींवर चढतात, मध्येच तुटतात, आणि कोशकाराला हे सगळे एका स्वल्पविरामात उरकावे लागते.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे उलटा शोध. स्वतःच्या भाषेकडून परक्या भाषेकडे जाणाऱ्या भागात दोन-तीन प्रतिशब्द मिळाले, की त्यांतला प्रत्येक शब्द कोशाच्या दुसऱ्या भागात पाहावा आणि तो परतताना काय घेऊन येतो ते वाचावे. 'केनन' परिचय, ओळख घेऊन परत येईल, 'विसन' माहिती आणि ज्ञान घेऊन येईल, आणि दोहोंच्या उदाहरणवाक्यांकडे नुसती नजर टाकली, तरी माणूस कोणाच्या पुढे येतो हे दिसेल. उदाहरणवाक्ये वगळून केवळ ठळक अक्षरांतले शब्द वाचण्याची सवय पुष्कळांना असते. माझ्या मते नोंदीतला सर्वांत मोलाचा भाग तोच असतो.

समजण्यासाठी पाहायचा कोश आणि लिहिण्यासाठी पाहायचा कोश यांची कामे वेगळी आहेत, हा मुद्दा रशियन भाषाशास्त्रज्ञ ल्येव श्चेर्बा यांनी 1940 मध्ये स्पष्टपणे मांडला होता. दोन भाषांच्या एका जोडीसाठी चार कोश लागतात, असे त्यांचे म्हणणे होते, कारण प्रत्येक भाषकाला परकी भाषा समजून घेण्यासाठी एक आणि तीत लिहिण्या-बोलण्यासाठी दुसरा कोश हवा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती 1831, दुसरी 1857) हे याचे घरचे उदाहरण आहे. मराठी समजून घेऊ पाहणाऱ्या इंग्रजी वाचकासाठी तो रचला गेल्यामुळे त्यात अनेक मराठी शब्दांपुढे लांबलचक इंग्रजी वर्णन येते. शब्द कळण्यासाठी ते उत्तम आहे; पण इंग्रजी वाक्यात उचलून बसवावा असा सुटसुटीत शब्द शोधणाऱ्या मराठी माणसाचे समाधान त्याने होईलच असे नाही, आणि तो काही कोशाचा दोष नाही.

वाचताना कोश पाहणाऱ्याची अडचण निराळी असते. वाक्यात दिसणारे रूप आणि कोशातले शीर्षरूप एक नसते. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला 'गेला' हा शब्द 'जाणे'खाली सापडतो, हे कोणीतरी सांगावेच लागते. जर्मनमध्ये 'वाइस' दिसले आणि तसेच शोधले, तर बहुधा आधी भेटेल ते विशेषण, म्हणजे 'पांढरा'. लिखाणात आणि उच्चारात दोन्ही अगदी सारखी आहेत. 'डेअर फिल्म फेंग्ट उम आख्ट आन', म्हणजे 'चित्रपट आठ वाजता सुरू होतो', या वाक्यात तर क्रियापदाचा एक तुकडा मध्ये आणि दुसरा थेट शेवटी आहे. शेवटच्या 'आन'कडे दुर्लक्ष झाले, तर 'फांगन' म्हणजे पकडणे एवढेच हाती येते, आणि आठ वाजता चित्रपट कोणाला पकडतो या कोड्यात वाचक अडकतो. खरे क्रियापद 'आनफांगन' आहे आणि कोशात ते 'आन'पाशी शोधावे लागते. आपणही कमी नाही : 'मी तुझी वाट पाहतो' यातले 'वाट' आणि 'पाहणे' वेगवेगळे शोधणाऱ्या परदेशी माणसाला कोणीतरी रस्ता न्याहाळत उभे असलेले दिसेल, आणि 'वाट लागली' येथे तर त्याने काय समजावे कोण जाणे.

नोंदीतली बारीक अक्षरे, म्हणजे नामाचे लिंग, अनेकवचन, क्रियापदाला लागणारी विभक्ती वगैरे, यांच्या संक्षेपांची यादी बहुधा कोशाच्या सुरुवातीला असते. ती एकदा शांतपणे वाचून ठेवावी.

'विसन' निरुपयोगी म्हणून टाकून देण्याची मात्र गरज नाही. जर्मनमध्ये ते बहुधा एखाद्या वस्तुस्थितीला धरून येते, आणि ती वस्तुस्थिती पुष्कळदा पुढच्या गौण वाक्यात सांगितलेली असते. 'हा माणूस कुठे राहतो ते मला माहीत आहे', असे म्हणायचे असेल, तर 'इश वाइस, वो डीझर मान वोन्ट' हे वाक्य निर्दोष आहे. माणूस तोच, क्रियापदही प्रश्नकर्त्याने आधी निवडलेलेच. फक्त 'डीझन'चे 'डीझर' झाले आहे, कारण येथे तो माणूस कर्ता आहे.