वजन जास्त आहे, जिना चढताना धाप लागते. फुफ्फुसांसाठी कोणता व्यायाम करू?

वय 24, उंची 170 सेंमी, वजन 92 किलो, दोन जिने चढले की धाप लागते आणि तीन गोळ्यांचं (प्लास्टिकच्या छोट्या चेंडूंचं) श्वासाच्या व्यायामाचं यंत्र रोज फुंकूनही फरक नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते यंत्र फुंकायचं नसतं. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग नळी तोंडात धरून हवा हळूहळू आत ओढायची आणि गोळी दोन-तीन सेकंद वर टिकवायची. पण ते मुख्यतः ऑपरेशननंतर किंवा अंथरुणाला खिळलेल्यांसाठी असतं. तुमचा दम त्याने फारसा वाढणार नाही.

तुमची अडचण बहुधा फुफ्फुसांत नाही, पोटात आहे. पोटावरची चरबी श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या स्नायूला, वर ढकलते. त्यामुळे श्वास सोडल्यावर छातीत उरणारी राखीव हवा घटते आणि प्रत्येक श्वासाला जास्त ताकद लागते. स्पायरोमेट्रीचा (यंत्रात फुंकून फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीचा) रिपोर्ट अशा वेळी बऱ्याचदा जवळपास नॉर्मल येतो, तरी धाप लागतेच. व्यायामाने फुफ्फुसं मोठी होत नाहीत. पायांचे आणि श्वासाचे स्नायू तयार होतात, कंबर उतरली की श्वासपटलाला जागा मिळते.

आठवड्यातून पाच दिवस भरभर चाला. सुरुवातीला दिवसातून तीनदा 10 मिनिटं, तीन आठवड्यांनी सलग 30. वेग असा, की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. तुमच्या वयाला नाडी मिनिटाला साधारण 120 ते 145. गुडघे कुरकुरत असतील तर सायकल घ्या. चौथ्या आठवड्यापासून दोन दिवस 1 मिनिट जोरात, 2 मिनिटं सावकाश, अशा 6 फेऱ्या. याखेरीज दोन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, 10 चे तीन सेट. उठताना श्वास सोडा; बरेच जण इथेच श्वास रोखतात आणि चक्कर येते.

पहिल्याच दिवशी धावायला जाऊ नका, नडगी दुखून आठवड्यात सगळं बंद पडतं. धाप लागली की छातीच्या वरच्या भागातून भराभर श्वास घेतले जातात, त्याने दम आणखी तुटतो. दोन पावलांत श्वास घ्या, चार पावलांत सोडा.

वजन उतरायला जेवणही बदलावं लागेल, नुसतं चालून ते फार हळू उतरतं.

व्यायाम थांबवल्यावर 5 ते 15 मिनिटांत छातीत घरघर किंवा खोकला येत असेल तर तो दमा असू शकतो. छातीत दुखणं, भोवळ, किंवा रात्री मोठं घोरणं आणि दिवसा झोप अनावर होणं असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा, मगच वेग वाढवा.