मक्याला पाणी किती? चार तासांचा हिशेब

प्रश्न: बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी आणि रायबाग भागात रब्बी मका करणाऱ्या शेतकऱ्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. पाच एचपीच्या मोटरने आठ दिवसांतून एकदा एकराला चार तास पाणी देतो, ते पुरते का? पाणी वाढवले की उतारा (उत्पादन) वाढतो, तो कुठपर्यंत? आणि विहीर आटत आली तर कोणती पाळी चुकवावी?

उत्तर: पाच एचपी म्हटल्याने पाणी किती पडते हे कळत नाही. विहिरीतली पातळी, पाइपची लांबी, फूटव्हॉल्व्हची गळती आणि करंटचा दाब यांवर ते ठरते. शेजारी-शेजारी असलेल्या दोन सारख्या मोटरींचे पाणीसुद्धा वेगवेगळे निघते. म्हणून आधी मोजमाप करा. २०० लिटरचे पिंप पाइपच्या तोंडाखाली ठेवा आणि मोबाइलच्या घड्याळावर ते भरायला लागणारे सेकंद पाहा. असे तीनदा करून सरासरी काढा. २५ सेकंदांत भरले तर सेकंदाला ८ लिटर, म्हणजे तासाला २८,८०० लिटर पाणी. उन्हाळ्याकडे पातळी खाली जाते तसा हा आकडा घटतो, तेव्हा दर महिन्याला पुन्हा मोजा. जानेवारीचा आकडा मार्चमध्ये वापरला की पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता एकच आकडा पाठ करा: एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०१ लिटर. एकराला ४,०४७ लिटर. तुमच्या चार तासांचे १,१५,२०० लिटर होतात, म्हणजे एकरावर साधारण २८ मिलिमीटर. लांब सरीत यातला साठ टक्के भाग मुळांना मिळाला तरी पुष्कळ झाला. बाकीचे सरीच्या तोंडाशी खोल मुरते. हातात उरले १७ मिलिमीटर.

पिकाची गरज किती, ते बाष्पीभवनावरून काढता येते. हवामान केंद्रात यासाठी १२१ सेंटिमीटर व्यासाचे आणि २५ सेंटिमीटर खोल पात्र असते. त्यात रोज जितके मिलिमीटर पाणी आटते त्याला ०.७ ने गुणायचे, मग पिकाच्या गुणकाने. मका पूर्ण वाढीत आणि तुऱ्यावर असताना हा गुणक १.२ असतो, रोप लहान असताना त्याहून बराच कमी. समजा दिवसाला ७ मिलिमीटर आटले: ७ × ०.७ × १.२ म्हणजे जवळपास ६ मिलिमीटर. तुमचे १७ मिलिमीटर तीन दिवसांत संपतात आणि पाळी आठ दिवसांनी येते. पुढचे पाच दिवस पीक जमिनीत आधीच साठलेल्या ओलीवर जगते. (घमेल्यात पाणी ठेवून मोजू नका, ते तापून जास्तच आटते.)

जमीन किती धरते हेही पाहावे लागते. अथणीकडच्या भारी काळ्या जमिनीत एक मीटर खोलीत पिकाला मिळण्याजोगे १५० ते २०० मिलिमीटर पाणी मावते. मक्याची कामाची मुळे ६० सेंटिमीटरपर्यंत धरली तर सुमारे १०० मिलिमीटर. त्यातले निम्मे संपले की पुढची पाळी द्यावी: ५० भागिले ६, म्हणजे आठ दिवस. पाळीचे अंतर तुमचे बरोबरच आहे, मात्रा कमी पडते. खानापूरकडच्या हलक्या, उथळ जमिनीत तर हा साठा फार लहान. तिथे आठ दिवसांची पाळी चालणारच नाही, अडीच-तीन दिवसांनी थोडे-थोडे द्यावे लागते. ठिबक तिथे खरे उपयोगी पडते.

भारी जमिनीत ५० मिलिमीटर मुळांपर्यंत पोचवायला साठ टक्क्यांच्या हिशेबाने ८३ मिलिमीटर सोडावे लागतात, एकराला जवळपास पावणेबारा तास. इतका वेळ मोटरला लागणारी थ्री फेज वीज मिळत नाही हे मान्य. मग सऱ्या आखूड करा, सरीआड सरी पाणी द्या, एकराचे तुकडे करून दोन-तीन दिवसांत पाळी पूर्ण करा. चार तासांत सगळा एकर ‘उरकण्यात’ तोंडाकडचे पीक गच्च राहते आणि शेवटाकडचे तहानते.

दुसरा प्रश्न खरा गणिताचा आहे, आणि त्याचे उत्तर तुमच्याच रानात मिळते. एकेका गुंठ्याचे तीन पट्टे आखा, मध्ये दोन-दोन सऱ्या कोरड्या सोडा, नाहीतर पाझर मिसळतो. बियाणे, खत, पेरणीचा दिवस एकच. पट्ट्यांचा शेवट मातीने बंद करा. दहा पाळ्यांत पहिल्या पट्ट्याला दर वेळी ३०, दुसऱ्याला ४०, तिसऱ्याला ५० मिलिमीटर द्या. सेकंदाला ८ लिटर असेल तर ते अनुक्रमे ६ मिनिटे १९ सेकंद, ८ मिनिटे २५ सेकंद आणि १० मिनिटे ३१ सेकंद होतात. कडेच्या ओळी सोडून मळणी करा, दाणे सारखेच वाळवून तोला आणि गुंठ्याचा उतारा काढा.

उदाहरणादाखल दहा पाळ्यांच्या एकूण ३००, ४०० आणि ५०० मिलिमीटरला गुंठ्यामागे ५२, ६४ आणि ६६ किलो आले असे धरू. पहिल्या शंभराने १२ किलो दिले, दुसऱ्या शंभराने फक्त २. हे तीन बिंदू आलेखावर मांडले की वाकत जाणारी वक्ररेषा मिळते. तिचा माथा असा काढा: टोकांच्या उताऱ्यांतला फरक १४. वाढीतली घट १२ वजा २, म्हणजे १०. १४ ला १० च्या दुपटीने भागले की ०.७. मधल्या ४०० मध्ये शंभराचे ०.७ पट मिळवा, ४७० मिलिमीटर. तिथे उतारा सुमारे ६६.५ किलो, त्यापुढे पाणी वाढवले की तो घसरतो. जमिनीतली हवा निघून जाते, मुळे गुदमरतात, नत्र खाली वाहून जाते. पाने पिवळी पडतात, ती पाहून शेतकरी युरिया टाकतो आणि वर आणखी पाणी देतो. कृष्णाकाठची कितीतरी राने अशीच चोपण (क्षारांनी बिघडलेली, पाणी न मुरणारी) झाली.

पण माथ्यापर्यंत जायलाच हवे असेही नाही. ४०० वरून ४७० वर जायला एकराला मोटरचे दहा तास जादा लागतात आणि हाती येतो जेमतेम एक क्विंटल. पाणी मोजकेच असेल तर ४७० ने चार एकर भिजवायचे ते पाणी ४०० ने ४.७ एकराला पुरते. चार एकरांचे १०६ क्विंटल होतात, ४.७ एकरांचे १२०. त्या जादा २८ गुंठ्यांचे बी-खत आणि भांगलण वजा करून पाहा. पड रान असेल तर बहुधा परवडते, खंडाने घ्यायचे असेल तर नाही.

कोणती पाळी चुकवावी? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९७९ मध्ये यासाठी अवस्थेनुसार उतारा किती घटतो त्याचे गुणक दिले. मक्याला वाढीच्या काळात ०.४, तुरा-केसाच्या वेळी १.५, दाणे भरताना ०.५, पक्वतेला ०.२. त्या अवस्थेत गरजेच्या २० टक्के पाणी कमी पडले तर वाढीच्या काळात ८ टक्के उतारा घटतो, तुऱ्यावर ३० टक्के. ताण बसला की कणसाचे केस उशिरा फुटतात, तोवर तुऱ्यातले पराग झडून गेलेले असतात. मग कणीस वरून भरलेले दिसते आणि सोलले की निम्मे बोडके. म्हणून पेरणीनंतर साधारण ५५ ते ६५ दिवसांच्या दरम्यानची पाळी कधीही चुकवू नका. चुकवायचीच तर गुडघाभर पीक असतानाची एखादी, नाहीतर शेवटची. शेवटची कधी थांबवायची ते दाणाच सांगतो: कणसातून दाणा उपटून बुडाशी काळा ठिपका दिसला की पाणी बंद करा.