बर्फ पडतो तिथे बागेत सेडम जगतात का? हिवाळ्यात झाकावी की कुंड्या घरात घ्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की शिकागोजवळ नवं घर घेतलंय, अंगणात सेडम, म्हणजे जाड, रसाळ पानांची फुलझाडं, लावायची आहेत, तर ती बर्फात टिकतील का, झाकावी लागतील का आणि कुठल्या जाती घ्याव्यात. टिकतात. झाकू नका. जातींचं खाली सांगते. पण "थंडीआधी भरपूर खतपाणी देऊन झाडं धडधाकट करून ठेवावीत असा विचार आहे" हे तुमचं वाक्य वाचलं आणि मला राहवलं नाही. याच विचारापायी माझी दहा झाडं गेली, आणि त्यावरून माझं नि अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चार वर्षं वाजत होतं.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या पश्चिमेला राहतो. इथली माती चिकट, पाऊस पडला की बुटाला किलोभर चिकटते. ड्राइव्हवेच्या कडेला उताराची एक पट्टी होती. घर बांधणाऱ्यांनी उरलेली खडी तिथे तशीच पसरून टाकलेली, गवतसुद्धा धरत नव्हतं. 2013 च्या वसंतात मी तिथे 'ऑटम जॉय' या उंच सेडमची अकरा रोपं लावली. पहिले काही आठवडे पाणी दिलं, मग सोडून दिलं.

त्यानंतरचा 2013-14 चा हिवाळा डेट्रॉइटच्या नोंदींमधला सगळ्यात जास्त बर्फाचा ठरला. 94.9 इंच, म्हणजे जवळपास आठ फूट. ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने ओढून आम्ही त्याच पट्टीवर ढीग घालत होतो, दुसरी जागाच नव्हती. एप्रिलमध्ये ढीग वितळला. वाळलेल्या काड्यांच्या बुडाशी निळसर हिरव्या, कोबीच्या इवल्या गड्ड्यांसारख्या फुटी बसलेल्या. अकराच्या अकरा झाडं जिवंत! मी मातीत गुडघे टेकून मोजली आणि लगेच अण्णांना फोटो पाठवले.

मे महिन्यात आई-अण्णा आमच्याकडे आले. अण्णा सांगोल्याचे, डाळिंबाचे बागायतदार. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची, तिथे त्यांनी चाळीस वर्षं बाग सांभाळली. खडीत उभी असलेली माझी झाडं बघून त्यांना वाईट वाटलं. "पोरी, घरात नळाला चोवीस तास पाणी, आन् झाडांची ही दशा?" दुसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले. खडी उचलली, जमीन खणली, शेणखताच्या पिशव्या आणून मिसळल्या आणि प्रत्येक झाडाला गोल, रेखीव आळं केलं. रोज सकाळी नळी धरून आळी भरायचे. मी दोनतीनदा म्हटलं की याला एवढं पाणी चालत नाही. "पाणी तोडून कुठं झाड जगतंय व्हय?" एवढं बोलून ते पुढच्या आळ्याकडे वळायचे. मग मी गप्प बसले. परक्या देशात, दिवसभर रिकाम्या घरात त्या माणसाला तेवढंच एक आपलं काम होतं.

ऑगस्टपर्यंत झाडं मांडीएवढी झाली. लुसलुशीत, गर्द हिरवी. फुलं धरल्यावर मात्र मधूनच फाकली आणि जमिनीवर लोळली. अण्णांनी काठ्या रोवून सुतळीने बांधली. ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. त्या पावसाळी शरदात आळ्यांमध्ये पाणी साचलं, गोठलं, वितळलं, पुन्हा गोठलं. एप्रिल 2015 मध्ये काडीला हात लावला तर काडी सुटून हातात आली, खाली काळा लगदा आणि कुजका वास. दहा झाडं तशीच गेली. अकरावं पट्टीच्या अगदी टोकाला होतं, तिथवर नळी पोचत नव्हती. ते जगलं.

फोनवर अण्णा म्हणाले, थंडीनं मेली. मी म्हटलं, अण्णा, आदल्या वर्षी याहून कितीतरी जास्त बर्फ होता, तेव्हा एकही गेलं नाही. ते म्हणाले, मग त्यांचं आयुष्यच तेवढं. तेव्हा मी त्यांना विचारलं, "मृग बहार धरायचा असला की तुम्ही डाळिंबाचं पाणी तोडता ना? पानगळ होईस्तोवर बाग ताणावर सोडता. ते कशासाठी?" थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "ते फळाचं झाड हाय. ते येगळं."

माझं म्हणणं आजही तेच आहे, की यात वेगळं काही नाही. सेडम आपल्या पानफुटीच्याच कुळातलं. पानात पाणी साठवायचं आणि दिवसा छिद्रं मिटून रात्री उघडायची, ही या कुळाची रीत. थंडी जवळ आली की काटक जाती अंगातलं पाणी कमी करतात, रस दाट होतो आणि सहज गोठत नाही. म्हणजे झाड स्वतःच ताणावर जातं. नेमकं तेव्हाच तुम्ही खतपाणी दिलंत तर ते कोवळी वाढ करत बसतं. शिवाय थंड, चिबड मातीत मुळं गुदमरून कुजतात. नुसत्या थंडीचं म्हणाल तर अमेरिकेत हिवाळ्यातल्या किमान तापमानावरून झोन पाडलेत, आकडा जितका लहान तितकी थंडी जास्त; बहुतेक काटक सेडम झोन 4 पर्यंत, म्हणजे उणे 34 सेल्सियसपर्यंत तग धरतात. शिकागोत तुम्ही झोन 5 किंवा 6 मध्ये येता. थंडीची चिंता सोडा, निचऱ्याची करा.

2018 मध्ये अण्णा पुन्हा आले तेव्हा त्यांना डिअरबॉर्नला फोर्डचा रूज कारखाना दाखवायला नेलं. तिथे ट्रक जोडणीच्या इमारतीच्या छपरावर 2003 पासून 10.4 एकर सेडम आहे. वरच्या गॅलरीतून ते सगळं छप्पर दिसतं. पातळसा थर, वर सावली नाही, वाऱ्याला आडोसा नाही, आणि हिवाळाभर बर्फ. अण्णा हात मागे बांधून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याला आळी न्हाईत." बाकी काही बोलले नाहीत. माझा भाऊ म्हणतो, अण्णांनी तेव्हाही मानलं नव्हतं. मी म्हणते, मानलं होतं. आळं हा शब्द त्यांनी स्वतःहून काढला होता.

आता जाती. उंच हवी तर 'ऑटम जॉय'च घ्या. जर्मनीतल्या गेओर्ग आरेंड्स यांच्या रोपवाटिकेतली ही जात आहे. दीड-दोन फूट वाढते, ऑगस्टअखेर गुलाबी फुलते, पुढे विटकरी होते, मधमाश्या नुसत्या लगडलेल्या असतात. उंच सेडमच्या चिठ्ठीवर हल्ली हायलोटेलेफियम असं नाव असतं, गोंधळू नका. जमिनीलगत पसरणाऱ्यांत 'ड्रॅगन्स ब्लड', पिवळी 'अँजेलिना' आणि काम्चाटिकम. माती चिकट असेल तर उंचवटा करा, खडी मिसळा. खत नको. उंच जातींचे शेंडे जूनच्या सुरुवातीला खुडा, म्हणजे झाड लोळत नाही. वाळलेल्या काड्या हिवाळाभर राहू द्या, वसंतात नव्या फुटी दिसल्या की कापा.

हे सगळं उन्हातल्या जागेचं झालं. सावलीत फक्त टर्नाटम हे सेडम बऱ्यापैकी येतं. सशांना कोवळ्या फुटी आवडतात, पहिल्या वर्षी जाळी लावा. कुंडीतल्या मुळांना जमिनीची ऊब नसते, म्हणून कुंडीसाठी तुमच्यापेक्षा दोन झोन थंडीतली जात घ्या. मातीची कुंडी गोठून फुटते, ती नकोच. आणि दुकानात सेडम म्हणूनच मिळणाऱ्या 'बरोज टेल' आणि 'जेली बीन' या जाती काटक नाहीत, त्या पाणी गोठवणाऱ्या पहिल्या थंडीतच जातात. त्या तेवढ्या घरात घ्या. काटक जाती घरात आणल्यात तर त्यांना विश्रांती मिळत नाही आणि त्या लांबट, मलूल होतात.

त्या टोकाच्या एका झाडापासून विभागून आणि काड्या लावून आज माझी सगळी पट्टी भरली आहे. तुम्ही शिकागोहून मे महिन्यात या बाजूला आलात तर कळवा, पाच-सहा रोपं खणून देईन. आळं मात्र करायचं नाही.