पहिलं व्हायोलिन आणि शिकवणी मिळून किती खर्च धरावा? सगळ्यात स्वस्तातलं घेतलं तर चालेल का?

तुम्हाला स्वतःला शिकायचंय आणि आठ वर्षांच्या मुलीलाही शिकवायचंय, म्हणून एकूण किती पैसे बाजूला ठेवावेत असं तुम्ही विचारलंय. रक्कम जागेप्रमाणे बदलते, पण पैसा कुठे कुठे जातो ते सगळीकडे सारखंच असतं. म्हणून तेच सांगते. पहिल्या वर्षाच्या पैशांचे दहा भाग केलेत, तर सहा भाग शिकवणीला ठेवा, तीन वाद्याला आणि एक किरकोळ खर्चाला. बहुतेक जण याच्या उलट करतात. मीही केलं होतं.

मी चौतिसाव्या वर्षी सुरुवात केली. दुकानातलं सगळ्यात स्वस्त व्हायोलिन उचललं. चकचकीत लालसर पॉलिश, सोबत पेटी, बो (तारांवर फिरवायचा गज) आणि राळेची वडी. घरी आल्यावर ‘ए’ची तार सुरात आणेपर्यंत ‘डी’ उतरलेली असायची, कारण खुंट्या भोकांत नीट बसतच नव्हत्या. पहिलं बोट दाबलं की तार बोटात रुतायची. दोन महिने मला वाटत होतं की माझंच वय झालंय, बोटं वळत नाहीत. रियाजाला बसायचीच धास्ती वाटायला लागली होती.

मग शिक्षिकेनं एक दिवस वाद्य हातात घेतलं आणि फिंगरबोर्डच्या (बोटं जिच्यावर दाबतात ती लांब फळी) टोकाशी, तारेखाली छोटी मोजपट्टी धरली. ‘जी’च्या तारेखाली नऊ मिलिमीटर जागा होती. तिथं साधारण साडेपाच हवी, ‘ई’च्या तारेखाली तर साडेतीनच्या आसपास. त्यांनी मला कारागिराकडे पाठवलं. त्यानं घोडी (तारा जिच्यावर टेकतात तो लाकडी तुकडा) घासून खाली आणली, खुंट्या बसवून दिल्या, आतला लाकडी साउंडपोस्ट जागेवर सरकवला. या कामाला व्हायोलिनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे गेले. त्या संध्याकाळी तेच व्हायोलिन पहिल्यांदा माझ्या हाताखाली गायलं. मी रडले होते, खरंच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे व्हायोलिन खोक्यातून काढलं की वाजायला तयार असतं, असं नसतं. घोडी चिकटवलेली नसते, फक्त तारांच्या दाबानं उभी राहते. आत साउंडपोस्ट नावाची बोटाएवढी लाकडी काडी असते, तीही नुसती अडकवलेली. एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाली तरी आवाज बदलतो. फ्रेंचमध्ये तिला व्हायोलिनचा ‘आत्मा’ म्हणतात. हे सगळं जुळवण्याच्या कामाला ‘सेटअप’ म्हणतात आणि स्वस्त वाद्यात नेमकं तेच केलेलं नसतं. म्हणून विकत घेताना पहिला प्रश्न हाच विचारा की सेटअप कोणी केलाय. उत्तर गोलमाल आलं, तर त्याचे पैसे वेगळे धरा.

लाकूडही बघा. वरची पाटी स्प्रूसची, मागची मेपलची आणि फिंगरबोर्ड एबनीचा असावा. एबनी मुळातच काळं असतं. स्वस्तात मऊ लाकडाला काळा रंग फासलेला असतो, तो काही महिन्यांत बोटांखाली झिजतो. तारांच्या खालच्या टोकाला चारही फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवायचे छोटे स्क्रू) असले तर सुरुवातीला फार सोय होते.

मुलीसाठी मात्र विकत घेऊच नका. भाड्यानं मिळत असेल तर भाड्यानंच घ्या. आठव्या वर्षी बहुधा अर्ध्या मापाचं लागेल, पण वयावर जाऊ नका, माप घ्या. तिला डावा हात बाजूला सरळ ताठ धरायला सांगा आणि मानेपासून तळव्याच्या मध्यापर्यंत मोजा. ६० सेंटिमीटरच्या आसपास भरलं की पूर्ण मापाचं, म्हणजे ४/४. त्याआधी ३/४, १/२, १/४ अशी मापं येतात. (‘अर्धं’ म्हणजे लांबीनं अर्धं नव्हे. पूर्ण व्हायोलिनचं अंग सुमारे ३५६ मिलिमीटर असतं, अर्ध्याचं ३१० ते ३२०.) दीड-दोन वर्षांत तिचं माप बदलेल. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून मोठं घेणं कपड्यांत चालतं, इथे मनगट आणि खांदा दुखावतो. भाड्यात दुरुस्ती धरली आहे का आणि भरलेलं भाडं पुढे खरेदीत वळतं करतात का, एवढं विचारून घ्या.

बोच्या बाबतीत लोक फार दुर्लक्ष करतात. खरं तर आवाज उजव्या हातातून निघतो. सुरुवातीला कार्बन फायबरचा साधा बो उत्तम, हवामानानं वाकत नाही. पर्नांबुको लाकडाच्या महागड्या बोची आत्ता गरज नाही. नवीन बो तारेवर फिरवलात आणि आवाजच आला नाही, तर घाबरू नका. केसांना राळ लागलेली नसते, म्हणून ते नुसते घसरतात. नव्या वडीवर सँडपेपर हलकासा घासा आणि मग तिच्यावर बो पाचदहा मिनिटं शांतपणे फिरवा. वाजवून झालं की दर वेळी बो सैल करायचा. नाहीतर काडीची वक्रता जाते आणि नवा घ्यावा लागतो.

किरकोळ खर्चात शोल्डर रेस्ट (व्हायोलिनखाली लावायचा खांद्याचा आधार), राळ, पुसायला मऊ कापड आणि ‘ई’ची एक जादा तार येते, कारण तुटते ती बहुतेक वेळा तीच. रोज वाजवलंत तर वर्षभरात तारांचा संच बदलावा लागतो. गाभा कृत्रिम धाग्याचा असलेल्या तारा महाग पडतात, पण आवाज गोड येतो. बदलताना एकेकच तार काढा. चारही एकदम उतरवल्या तर साउंडपोस्ट पडू शकतो आणि पुन्हा कारागिराची पायरी चढावी लागते. सूर दाखवणारा ट्यूनर फोनवर फुकट मिळतो, ‘ए’ ४४० हर्ट्झवर लावा. भिंतीला भिंत लागून शेजारी असतील तर आवाज दबवणारा रबराचा म्यूट घ्या.

आता शिकवणी. पहिले तीन-चार महिने आठवड्याची शिकवणी चुकवू नका, पैसे वाचवायला पंधरवड्यावर नेऊ नका. बो धरायची सवय याच काळात बसते. चुकीची बसली तर ती मोडायला पुढे वर्ष जातं आणि त्या वर्षाचीही फी भरावी लागते. व्हिडिओ बघून शिकण्यावर माझा विश्वास नाही, कारण व्हिडिओला तुमचं मनगट दिसत नाही. मुलीला अर्धा तास पुरतो, तुम्हाला पाऊण. पाश्चात्त्य शिकायचं की रागदारी, हे आधी ठरवा. बसण्याची पद्धत आणि तारा लावणं दोन्हींत वेगळं असतं, म्हणून शिक्षकही वेगळे लागतात.

हात तंग असेल तर एक वाट सुचवते. आधी मुलीचीच शिकवणी लावा आणि तुम्ही तिच्या तासाला वही घेऊन बसा. जपानी व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीत पालकानं मुलाच्या तासाला बसणं हा शिकवण्याचाच भाग आहे. सहा महिन्यांत तुमचा कान बराच तयार होईल, मग स्वतःचं वाद्य घ्या.

माळ्यावरचं जुनं व्हायोलिन कोणी देऊ केलं आणि आत स्त्रादिवारी या नामांकित इटालियन व्हायोलिन कारागिराची चिठ्ठी दिसली, तर हुरळून जाऊ नका. तो कारागीर १७३७ मध्ये गेला. त्याच्या नावाच्या चिठ्ठ्या पुढे कारखान्यांनी भरमसाट व्हायोलिनांत चिकटवल्या. जुनं वाद्य चांगलं असू शकतं, पण घोडीजवळची, साउंडपोस्टवरची भेग कारागिराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

म्हणून आधी शिक्षक शोधा, मग वाद्य. खरेदीला त्यांनाच सोबत न्या. दोन-तीन व्हायोलिनं त्यांना वाजवायला सांगा आणि तुम्ही पाठ फिरवून खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा. किमती नंतर विचारा.